पाकिटावरचे चित्र आणि सुटी सिगारेट

सिगारेटच्या पाकिटावर छापलेले रोगग्रस्त अवयवाचे चित्र पाहून लोक धूम्रपान सोडतात का, हा प्रश्न ऐकताना सोपा वाटतो आणि त्याची उत्तरेही बहुधा ठाम स्वरात दिली जातात. आरोग्य खात्याची मंडळी ‘हो’ म्हणतात, तंबाखूचे उत्पादक ‘नाही’ म्हणतात, आणि टपरीवर उभा असलेला गिऱ्हाईक चित्राकडे न पाहताच पैसे पुढे करतो. गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नावरचा पुरावा मात्र बराच साठला आहे, आणि तो नीट लावून पाहिला तर असे दिसते की चित्राचा परिणाम होतो व तो मोजताही येतो. प्रचारात सांगितला जातो तेवढा तो मोठा नाही आणि उत्पादक म्हणतात तेवढा नगण्यही नाही. भारतापुरते पाहायचे तर त्याहून अवघड गोष्ट पुढे येते. हा सगळा पुरावा ज्या गृहीतावर उभा आहे, म्हणजे सेवन करणाऱ्याच्या हातात पाकीट असते, ते गृहीतच इथे पुष्कळदा लागू पडत नाही.

चित्रांच्या आधी नुसते शब्द होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६६ पासून तिथल्या पाकिटांवर, सिगारेट ओढणे आरोग्याला अपायकारक ठरू शकते, अशा अर्थाची एक सावध ओळ आली. भारतात १९७५ च्या सिगारेट कायद्याने ‘वैधानिक इशारा’ आणला. हे दोन शब्द मराठीत चांगलेच रुळले, परंतु शब्द रुळणे वेगळे आणि ते वाचले जाणे वेगळे. बारीक टायपातली ती ओळ ज्याला वाचता येत नव्हते त्याला नक्षीसारखी होती आणि ज्याला वाचता येत होते त्यालाही ती काही दिवसांनी दिसेनाशी होत असे. शिवाय तो कायदा केवळ सिगारेटींचा होता, आणि देशात सिगारेटींहून कितीतरी अधिक ओढल्या जाणाऱ्या विड्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. चित्राला लिपी लागत नाही आणि ते पुरेसे मोठे असले तर नजरेआड करणे अवघड जाते, या साध्या विचारातून चित्रमय इशारे पुढे आले. कॅनडाने २००० च्या अखेरीस पाकिटाच्या निम्म्या दर्शनी भागावर आळीपाळीने छापायची सोळा चित्रे सक्तीची केली, २००२ मध्ये ब्राझीलने तोच मार्ग धरला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आल्यावर, इशाऱ्याने निदान ३० टक्के आणि शक्यतो ५० टक्के किंवा त्याहून अधिक जागा व्यापावी, हे त्यातील अकराव्या कलमाचे म्हणणे शंभराहून अधिक देशांत चित्रांच्या रूपाने उतरले.

माणसाला भीती घालून त्याची सवय बदलते का, हा वाद सिगारेटींच्या पाकिटांहून जुना आहे. १९५३ मध्ये जानिस आणि फेशबॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेविषयी व्याख्याने ऐकवली. काहींना किडलेल्या हिरड्यांची भयंकर वर्णने सांगितली, काहींना सौम्य भाषेत सांगितले, आणि असे आढळले की सर्वांत घाबरलेल्या मुलांनी सांगितलेले सर्वांत कमी ऐकले. हा निष्कर्ष पुढे कित्येक दशके चित्रमय इशाऱ्यांच्या विरोधकांचे आवडते हत्यार बनून राहिला. नंतरच्या संशोधनाने त्याला बरीच मुरड घातली. १९९० च्या दशकात संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी जे प्रतिमान मांडले, त्यानुसार भय निर्माण झाल्यावर माणसापुढे दोन वाटा असतात: धोका दूर करणे किंवा भीती दूर करणे. आपल्याला हे जमेल आणि केल्याने उपयोग होईल, असा विश्वास असेल तर तो पहिली वाट धरतो. तो विश्वास नसेल तर चित्रावरून नजर काढून घेतो, ‘आमचे आजोबा नव्वद वर्षे ओढत होते’ असे स्वतःला समजावतो आणि भीती घालवतो, धोका मात्र तसाच राहतो. या विश्वासाला तिथे कार्यक्षमतेची जाणीव म्हणतात, आणि ती नसताना नुसते भय पुरत नाही, हे २०१३ मध्ये झालेल्या एका संकलित विश्लेषणाचेही म्हणणे आहे. संकलित विश्लेषण म्हणजे पूर्वी झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष. उलट २०१५ मध्ये झालेल्या अशाच, पण कितीतरी विस्तृत विश्लेषणात भयाचा परिणाम एकंदरीने अनुकूल आढळला आणि तो उलटा फिरतो याचा आधार मिळाला नाही. या दोन निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही, कारण मार्ग दाखवलेला असला तर भय अधिक उपयोगी पडते, हे दोहोंनाही मान्य आहे. म्हणून चित्राशेजारी काय छापलेले आहे याला चित्राइतकेच महत्त्व आहे, आणि हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यावा लागेल.

प्रयोगशाळेतून बाजारात आल्यावर मोजणी कठीण होते, कारण कोणतेही सरकार चित्रे छापते तेव्हा बहुधा करही वाढवते आणि सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदीही घालते. तेव्हा धूम्रपान घटले तर श्रेय कशाला द्यायचे, हे सांगणे अवघड होऊन बसते. या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या कायदेमंडळाने २००९ मध्ये चित्रमय इशारे बंधनकारक केले, अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये नऊ चित्रे ठरवली, आणि त्यांच्या लाभाचा अंदाज बांधताना प्रशासनाने कॅनडाच्या अनुभवावरून स्वतःच असे लिहिले की धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ०.०८८ टक्के-अंकांनी घटेल. टक्के-अंक म्हणजे दोन टक्केवारींमधली सरळ वजाबाकी. प्रमाण २० वरून १९ टक्क्यांवर आले तर ती एका टक्के-अंकाची घट. ०.०८८ ही घट एवढी बारीक आहे की ती शून्यापेक्षा निराळी आहे असे संख्याशास्त्राच्या आधारे सांगता येत नव्हते, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवून, दोन विरुद्ध एक मतांनी, ती चित्रे रद्द केली. उत्पादकांना त्यांच्याच मालावर त्याच्या विरुद्ध बोलायला लावायचे तर पुरावा भक्कम हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

पुढे हुआंग, चालुप्का आणि फाँग या संशोधकांनी त्याच कॅनडाच्या आकडेवारीची फेरतपासणी केली. कॅनडात चित्रांपूर्वी आणि चित्रांनंतर काय घडले एवढेच न पाहता, त्याच काळात चित्रे नसलेल्या अमेरिकेत काय घडले तेही त्यांनी शेजारी ठेवले आणि सिगारेटींच्या किमतीतला फरक बाजूला काढला. या पद्धतीने त्यांना कॅनडातली घट २.८७ ते ४.६८ टक्के-अंकांची आढळली. एकाच देशातील एकाच घटनेचे दोन हिशेब, आणि दोहोंमध्ये तीस-पन्नास पटींचे अंतर! यातला दुसरा हिशेब अधिक सशक्त पद्धतीचा आहे, परंतु तोही दोन देश इतर बाबतींत सारखे चालले असते या मान्यतेवर टेकलेला आहे, आणि एका देशाच्या एका अनुभवातून निघालेला आकडा जगाला जसाच्या तसा लावता येत नाही. न्यायालयाने चित्रे रद्द केली ती परिणाम नसतो हे सिद्ध झाले म्हणून नव्हे, तर परिणाम मोजण्याचे काम घाईने झाले म्हणून, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

असे गुंते सोडवण्यासाठी वैद्यकशास्त्राकडे यादृच्छिक चाचणी आहे. कोणाला कोणत्या गटात घालायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगावर सोपवले की गटांमधला पुढचा फरक इलाजाचाच मानता येतो. नॉर्थ कॅरोलिना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,१४९ धूम्रपान करणाऱ्यांवर अशी चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी माणसे आपली पाकिटे घेऊन येत आणि संशोधक त्यांवर चित्राची किंवा नुसत्या मजकुराची पट्टी चिकटवून देत. चार आठवड्यांत चित्रवाल्या गटातील ४० टक्के लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला, तर मजकूरवाल्या गटातील ३४ टक्के लोकांनी. चाचणीच्या अखेरीस निदान सात दिवस सिगारेटीपासून दूर राहिलेले लोक पहिल्या गटात ५.७ टक्के होते, दुसऱ्यात ३.८. याच्या शेजारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली सॅन डिएगोची चाचणी ठेवायला हवी. तिथे ३५७ जणांना त्यांच्या नेहमीच्या सिगारेटी तीन महिने चित्रमय, कोऱ्या किंवा नेहमीच्या पाकिटात भरून दिल्या गेल्या. चित्रवाल्या गटात सोडण्याचे विचार वाढले आणि पाकीट इतरांपासून लपवण्याचे प्रमाणही वाढले, पण ओढलेल्या सिगारेटींची संख्या घटली नाही. लपवण्याची ही गोष्ट क्षुल्लक मानू नये, कारण सिगारेटचे पाकीट हा टेबलावर ठेवून मिरवण्याचा ऐवज होता आणि तो खिशात दडवावासा वाटणे हा त्याच्या प्रतिष्ठेवरचा घाव आहे, विशेषतः ज्या मुलांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्या दृष्टीने. दोन्ही चाचण्यांत चित्राने विचाराला धक्का दिला. तो धक्का प्रयत्नापर्यंत एका ठिकाणी पोहोचला, दुसऱ्या ठिकाणी कृतीत उतरला नाही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून चित्र वाढवून पाकिटावरची बाकी सर्व सजावट काढून टाकली आणि एकच मळकट तपकिरी रंग सक्तीचा केला. पुढच्या जवळपास तीन वर्षांत तिथले धूम्रपान २.२ टक्के-अंकांनी उतरले, आणि सरकारी फेरआढाव्यात त्यातला ०.५५ अंकांचा, म्हणजे साधारण चौथा, वाटा पाकिटाच्या बदलाकडे गेला. याच काळातली न्यू साउथ वेल्समधली एक नोंद अधिक मोलाची आहे: पाकिटावर छापलेल्या व्यसनमुक्ती दूरध्वनीवर येणारे फोन ७८ टक्क्यांनी वाढले. घाबरलेल्या माणसाला वाट दाखवली की तो ती धरतो, हे वर आलेल्या प्रतिमानाचे म्हणणे तिथे खरे होताना दिसते.

भारताची वाट फार अडखळत गेली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली चित्रांचे पहिले नियम २००६ मध्ये निघाले, पण ते पुन्हापुन्हा लांबणीवर पडले. कवटी आणि हाडांचे चिन्ह सक्तीचे राहणार नाही, अशी दुरुस्ती २००७ मध्ये झाली, आणि ३१ मे २००९ रोजी जे अखेर पाकिटांवर आले ते पुढच्या बाजूच्या ४० टक्के जागेतले एक अस्पष्ट क्ष-किरण चित्र, फुप्फुसांचे दुसरे एक चित्र, आणि खाण्याच्या तंबाखूवर चक्क विंचू. विंचवाचा तंबाखूशी काय संबंध, हे अनेकांना उमगले नाही, आणि ते समजण्यासारखेही नव्हते. २०११ च्या अखेरीस विंचू जाऊन त्या जागी तोंडाच्या कर्करोगाची चित्रे आली, तरी महाराष्ट्र, बिहार, मध्य प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील सेवन करणाऱ्यांचा पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात या बदलाने इशाऱ्याचा प्रभाव वाढल्याचे दिसले नाही. चित्र बदलले होते. आकार मात्र तोच होता.

म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा, त्यातली ६० टक्के चित्राला आणि २५ टक्के मजकुराला, असा नियम निघाला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. पण संसदेच्या एका समितीने हस्तक्षेप केला, आणि तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारे भारतीय संशोधन नाही, असे विधान समितीच्या अध्यक्षांनी त्या वेळी जाहीरपणे केले. हे अध्यक्ष महाराष्ट्रातले खासदार होते, आणि म्हणूनच ते विधान अधिक जिव्हारी लागते. मुंबईच्या संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग यांचा संबंध १९५५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता, आणि पुढे मुंबईच्याच संशोधकांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. जे संशोधन नाही म्हणून सांगितले गेले, ते याच मातीत साठ वर्षांपूर्वी झालेले होते. नियम एक वर्ष लांबून १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला, डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिल्याने तो टिकला.

या चित्रांनी भारतात काय साधले, याचे उत्तर शोधायला जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या उपयोगी पडतात. २००९-१० आणि २०१६-१७ या दोन फेऱ्यांच्या दरम्यान तंबाखूचे कोणत्याही रूपात सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर आणि धूम्रपान करणाऱ्यांचे १४ वरून १०.७ टक्क्यांवर आले. पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असे सांगणारे सिगारेट ओढणारे ३८ वरून ६१.९ टक्क्यांवर गेले, विडी ओढणारे २९.३ वरून ५३.८ वर, आणि धूरविरहित तंबाखू, म्हणजे खाण्याची, लावण्याची व घासण्याची तंबाखू, वापरणारे ३३.८ वरून ४६.२ वर. ही वाढ मोठीच आहे. परंतु मागल्या बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या फेरीत ३८.४ टक्के होते आणि दुसऱ्या फेरीत ३८.५, धूरविरहित तंबाखूच्या बाबतीत ते ३५.४ वरून उलट ३३.२ वर आले. विचार दीडपट झाला आणि प्रयत्न जागच्या जागी राहिला. या आकड्यांवरून चित्रे निष्फळ ठरली असे म्हणणे चुकीचे होईल, कारण ज्यांनी मधल्या काळात सोडले ते या मोजणीतून आपोआप बाहेर पडले, आणि दुसऱ्या फेरीची पाहणी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा ८५ टक्क्यांची पाकिटे बाजारात येऊन काही महिनेच झाले होते. पण विचार आणि प्रयत्न यांच्यामधली दरी या आकड्यांत स्पष्ट दिसते, आणि ती झाकून चालणार नाही.

महाराष्ट्रात तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. त्याच दुसऱ्या फेरीत इथल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. सिगारेटचे पाकीट हा इथल्या तंबाखूच्या प्रश्नाचा एक लहानसा कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यातही पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात क्वचितच जाते. टपरीवर पाकीट फोडलेले असते ते दुकानदाराच्या हाताशी. गिऱ्हाईक ब्रँडचे नाव घेतो, दुकानदार पाकिटातून एक कांडी काढून पुढे करतो, शेजारी दोरीला बांधलेल्या लायटरवर ती पेटते, आणि ८५ टक्के जागा व्यापणारे ते चित्र या सगळ्या व्यवहारात दुकानदाराखेरीज कोणाच्याही नजरेला पडत नाही. मोजकेच पैसे जवळ असलेल्या कॉलेजातल्या मुलाची पहिली सिगारेट नेमकी अशीच घेतली जाते, म्हणजे ज्याला चित्राची सर्वांत जास्त गरज तोच त्याच्यापासून सर्वांत दूर राहतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. इशारा नसलेला माल विकणे हा कायद्याचा भंग आहे, आणि सुटी कांडी म्हणजे इशारा नसलेला माल. बंदीचा तर्क निर्दोष आहे. अंमलबजावणीसाठी मात्र प्रत्येक टपरीवर लक्ष ठेवावे लागते, आणि हे काम एका अधिसूचनेने होत नाही.

तंबाखूच्या पुडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुडी विकत घेणाऱ्याच्या खिशात राहते, दिवसातून दहा वेळा बाहेर निघते, आणि प्रत्येक वेळी तिच्यावरचा सडलेला जबडा समोर येतो. पण पाहणाऱ्याचे लक्ष तळहातावर असते: चिमूटभर तंबाखू, त्यावर बोटाने लावलेला चुना, अंगठ्याने मळणे, टाळी देऊन धूळ उडवणे, आणि मग बार ओठात. पुडी फाडतानाच चित्राचा अर्धा भाग जातो आणि उरलेला घडीत दबतो. जे चंचीत किंवा डबीत तंबाखू काढून ठेवतात त्यांच्यापुढे तेवढेही येत नाही. मशेरीपाशी तर चित्राची वाट संपूनच जाते. बाजारातून आणलेली तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिने दात घासायचे, ही रीत महाराष्ट्रातल्या स्त्रियांमध्ये अजून आहे, त्याच दुसऱ्या फेरीत राज्यातल्या १६.६ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या, आणि घरी केलेल्या मशेरीच्या डबीवर सरकारने कोणते चित्र छापायचे?

सप्टेंबर २०१८ पासून भारतीय पाकिटांवर चित्राबरोबर व्यसनमुक्ती दूरध्वनीचा निःशुल्क क्रमांकही छापला जातो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत सुरू झालेल्या या सेवेला पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी केंद्रांची जोड मिळाली. भयाला मार्गाची जोड देण्याचा हा भारतातला पहिला गंभीर प्रयत्न होय, आणि विचार व प्रयत्न यांच्यातली दरी बुजवण्याची शक्यता चित्राचा आकार आणखी वाढवण्यापेक्षा यात अधिक आहे. पण क्रमांकही पाकिटावरच आहे. सुटी कांडी घेणाऱ्याला तो मिळत नाही. कॅनडाने १ ऑगस्ट २०२३ पासून लागू केलेले नवे नियम या दृष्टीने लक्षवेधी आहेत, कारण त्यांनुसार इशारा पाकिटावर थांबत नाही. प्रत्येक सिगारेटीच्या फिल्टरजवळच्या कागदावर, ओठांपासून बोटभर अंतरावर, एकेक वाक्य छापलेले असते. असा नियम करणारा तो जगातला पहिला देश आहे. तिथे सिगारेटी पाकिटानेच घेतल्या जातात, म्हणजे ही युक्ती जिथे निघाली तिथल्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या टपऱ्यांवर तिचे काम अधिक आहे. सिगारेटीच्या कारखान्यात कांडीवर ब्रँडचे नाव आजही छापले जातेच, तेव्हा त्याशेजारी इशाऱ्याची आणि क्रमांकाची एक ओळ छापणे यंत्राला अवघड नाही. विडीच्या तेंदूपानावर ते जमणार नाही, आणि तव्यावर भाजलेल्या मशेरीवर तर नाहीच. तिथे इशारा घेऊन कोणी माणूसच घरापर्यंत जायला हवा, आणि खेड्यापाड्यांत दर महिन्याला उंबरठ्यापर्यंत जाणारी आशा कार्यकर्ती हेच काम गरोदर बायकांच्या गोळ्या-लसींबरोबर करू शकते, जर तिच्या कामाच्या यादीत ते लिहिले गेले तर.